न लिहिलेलं माफीपत्र

शाळेच्या स्मरणिकेसाठी स्काऊट पथकाचा इतिहास लिहून द्यावा, असं सांगायला मुख्याध्यापक स्वतः घरी आले, तेव्हा मी लगेच होकार दिला. हुबळीच्या त्या शाळेत मी गणित शिकवलं आणि सव्वीस वर्षं पथक सांभाळलं. कोणती नोंदवही कोणत्या कपाटात आहे, कोणत्या साली कोणता मुलगा राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचला, सगळं तोंडपाठ. पंधरा दिवसांत लेख हातावेगळा होईल असं वाटलं होतं. वर्ष उलटून गेलं. जे लिहून झालं ते स्मरणिकेत शोभणारं नव्हतं. तिकडे सनावळ्यांचा मजकूर देऊन मोकळा झालो आणि उरलेलं इथे लिहितो आहे.

पथकाचा इतिहास मी मुलांना दर जूनमध्ये एकाच पद्धतीने सांगत आलो. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचं शिबिर घेतलं, तिथून सुरुवात. १९०९ मध्ये बंगळूरला आपल्या देशातलं पहिलं पथक निघालं, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. हिंदी मुलांना दार बंद, कारण नकाशे वाचायला, खुणा ओळखायला, रानात राहायला शिकलेली मुलं उद्या आपल्यावरच उलटतील अशी सरकारला भीती. मग अ‍ॅनी बेझंटबाईंनी मद्रासेत हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली, मुलांच्या डोक्यावर टोपीऐवजी फेटा आला. अलाहाबादेत मालवीय, कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले, काही संघटना एक झाल्या. १९३७ मध्ये त्यांनी हिंदी माणसाच्या चारित्र्याविषयी असे उद्गार काढले की पुन्हा फाटलं. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळ्यांची मिळून ‘भारत स्काऊट्स’ झाली, पुढच्या वर्षी गाइड्स आल्या. आमचं पथक त्यानंतरचं. हुबळीचा इतिहास माझ्या लेखी तिथून सुरू व्हायचा.

या सांगण्यात एक प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. १९२१ नंतर स्काऊटच्या वचनात ईश्वराबरोबर राजाशी निष्ठा होतीच. हा राजा म्हणजे इंग्लंडचा राजा. हुबळी-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. ज्या मुलांच्या घरी टिळकांचा फोटो होता, ज्यांना कवायत हवी होती, शिट्टी हवी होती, पण राजाचं वचन घशाखाली उतरत नव्हतं, ती मुलं कुठे गेली?

उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते नको होतं. आमच्या शाळेतले कन्नडचे सर मला दरवर्षी म्हणायचे, “अहो, तुमच्या स्काऊट खोलीत हर्डीकरांचा फोटो लावा की. या गावचा पहिला स्काऊटमास्तर तोच.” मी दरवर्षी तेच उत्तर देई, स्काऊटला राजकारण नसतं. एका वर्षी ते फोटो घेऊनच आले, चौकट करून. तो मी कपाटात ठेवला. सर आता हयात नाहीत. फोटो मला याच कामात, तंबूच्या खुंट्यांखाली सापडला.

डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर. जन्म धारवाडचा, १८८९ चा. कलकत्त्यात डॉक्टर झाले, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. लाला लजपतराय अमेरिकेत होते तेव्हा त्यांच्या होमरूल लीगचं काम हर्डीकरांनी केलं. १९२१ मध्ये परत आले. एवढी पदवी घेऊन आलेला माणूस मुंबई-पुण्यात दवाखाना थाटू शकला असता. ते हुबळीला आले आणि तरुण पोरांना गोळा करून ‘हुबळी सेवा मंडळ’ काढलं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ हे मंडळ.

इथवर वाचताना मी मजेत होतो. आता नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाकडे वळण्याआधी मला १५ ऑगस्ट १९९७ ची सकाळ सांगितली पाहिजे. माझं मन ज्यामुळे फिरलं ते त्या सकाळी माझ्या हातून घडलं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली होती. शाळेत मोठा समारंभ, पाहुणे म्हणून एक बडे अधिकारी. चार दिवस पावसाची रिपरिप चालू होती. मैदानात फक्कीच्या रेघा मारल्या की तासाभरात धुऊन जायच्या. झेंडा धारवाडजवळच्या गरगच्या खादीचा, माझ्या बायकोने घरी इस्त्री करून दिलेला. झेंडा बांधायचं काम मी नववीतल्या एका संघनायकाला दिलं होतं. त्याच्या हाताला दोरीचं ज्ञान होतं, असं म्हणतो, कारण दुसरा शब्द सुचत नाही. इतर मुलं क्लोव्ह हिच शिकायला चार शनिवार घ्यायची, हा डोळे मिटून बांधायचा. आदल्या संध्याकाळी त्याने झेंड्याची घडी घातली, आत शेवंतीच्या पाकळ्या ठेवल्या, कडेच्या दोरीचं लाकडी टॉगल फासात अडकवलं आणि वरून एका ओढीत सुटेल अशी गाठ दिली. ती गाठ मी स्वतः ओढून पाहिली. सुटली. त्याने पुन्हा बांधली.

सकाळी पाहुण्यांनी दोर ओढला. पुरचुंडी वर चढली आणि खांबाच्या अर्ध्यावर थांबली. त्यांनी जोर लावला. पुरचुंडी उघडली, पाकळ्या खाली पडल्या, झेंडा फडकला, पण तिथेच. वरही जाईना, खालीही येईना. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे दुखवटा, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत. बँडवाल्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, राष्ट्रगीत झालं. हजारभर माणसं अर्ध्यावरच्या झेंड्याला सलामी देऊन उभी होती.

नंतर कार्यालयात मला विचारलं गेलं, काय झालं? मी म्हटलं, गाठ चुकली. पोरानं बांधली होती.

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडलं की ते खोटं आहे हे मला त्या क्षणी जाणवलंसुद्धा नाही. मला खरं कारण माहीत नव्हतं, पण गाठ नीट होती हे माहीत होतं. दुपारी त्या मुलाला बोलावलं आणि माफीपत्र लिहून द्यायला सांगितलं. कागद पुढे केला, मजकूरही मीच सांगायला लागलो. त्याने पेन हातात घेतलं नाही. “ना तप्प माडिल्री, सर,” एवढंच म्हणाला. म्हणजे, मी काही चूक केली नाही. मी आवाज चढवला. तो म्हणाला, चुकलो असतो तर लिहून दिलं असतं सर, खोटं कसं लिहू? मी त्याच्या गळ्यातला स्कार्फ काढून घेतला. नोंदवहीत माझ्या अक्षरात नोंद आहे: शिस्तभंग, पथकातून कमी केले.

त्यानंतरचे तीन शनिवार तो मैदानाच्या कडेला, गुलमोहराखाली, शाळेच्या साध्या गणवेशात उभा राहायचा. बोलायचा नाही. पथक सुटलं की जायचा. चौथ्या शनिवारी आला नाही.

आणि सप्टेंबरात मला कळलं. खांब रंगवायचा म्हणून शिडी लावली तर वरची कप्पी गंजून आवळली होती. पावसाने सुती दोर फुगला होता, तो त्या कप्पीतून जाईना, इतकी साधी गोष्ट. मी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घरून आणली, शिडीवर चढून कप्पी सैल केली आणि खाली उतरलो. कुणाला काही सांगितलं नाही. मुख्याध्यापकांना नाही, मुलाला नाही, हिलाही नाही. दोन-चार दिवस वाटलं, बोलावं. मग वाटलं, आता काढून काय उपयोग. मग सहामाही आली, पेपर तपासायला आले. असंच राहून जातं. मला शिस्तीचा माणूस म्हणून गावात मान होता आणि मला तो हवा होता. गळ्यात हिमालय वुड बॅजचे, म्हणजे स्काऊटमास्तरांच्या वरच्या प्रशिक्षणाचे, दोन लाकडी मणी होते. कोंडज्जीच्या स्काऊट शिबिरात मी इतर मास्तरांना शिस्तीवर व्याख्यान देत असे. शिस्त म्हणजे आज्ञा पाळणं, आधी पाळायची, मग विचारायचं, अशी माझी पक्की समजूत.

आता नागपूर.

मे १९२३. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या भागात काँग्रेसचा झेंडा घेऊन जायला सरकारने मनाई केली. जमनालाल बजाजांनी सत्याग्रह उभा केला, पुढे वल्लभभाई पटेलांनी तो हाती घेतला. देशभरातून तुकड्या येऊ लागल्या. झेंडा घ्यायचा, पुलाकडे चालायचं, अटक व्हायची. हुबळी सेवा मंडळाची पोरंही गेली आणि तुरुंगात पडली. आतले हाल असह्य होऊन अनेकांनी माफीनामे लिहून दिले, पुन्हा चळवळीत पडणार नाही अशी हमी देऊन सुटले. हर्डीकरांच्या हुबळीच्या पोरांनी लिहून दिलं नाही.

धारवाडच्या ग्रंथालयात दुपारी तीनच्या सुमारास मी हे वाचलं. पंख्याचा आवाज होत होता. वहीत टिपण करत होतो, ‘माफीनामा लिहिण्यास नकार’ एवढे शब्द लिहिले आणि पेन थांबलं. हे शब्द मी पूर्वी लिहिले होते. माझ्याच नोंदवहीत, थोड्या फरकाने: माफीपत्र लिहिण्यास नकार, सबब शिस्तभंग. त्या दिवशी पुढे एक ओळ वाचवली नाही. चिगरी बसने हुबळीला परत आलो. वाटेत नेहमी दिसतात त्या नवनगरच्या इमारती कधी मागे पडल्या कळलं नाही.

ज्या गोष्टीसाठी मी एका पोराला पथकातून काढलं, त्याच गोष्टीसाठी या गावाचं नाव देशात झालं होतं. त्या नकारावर नेहरूंसारख्या माणसांची नजर गेली आणि त्याच वर्षअखेर, डिसेंबर १९२३ मध्ये, काकीनाड्याच्या काँग्रेसमध्ये देशभरासाठी स्वयंसेवकांचं संघटन काढायचा ठराव झाला. ते हिंदुस्तानी सेवा दल. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सगळी धुरा हर्डीकरांकडे, आणि मुख्य ठाणं हुबळीत. कवायत करणारी, हुकूम देणारी संघटना अहिंसेच्या चळवळीत कशाला, अशी हरकत काँग्रेसमधल्याच काहींनी घेतली होती. पूर्वी मी हे वाचलं असतं तर म्हटलं असतं, बघा, शिस्त नको असणारे लोक. आज मला ती हरकत फार मोलाची वाटते. हुकूम कशासाठी पाळायचा हे विचारायला कुणीतरी हवंच होतं. माझ्या पथकात ते विचारणारं कुणी नव्हतं. होतं त्याला मी काढलं.

एका वर्षात, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावची काँग्रेस आली. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, आणि व्यवस्थेचा भार गंगाधरराव देशपांड्यांवर. टिळकवाडीला तेव्हा खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून आहे. मी ती लहानपणापासून पाहत आलो, या खेपेस मुद्दाम पुन्हा जाऊन आलो. तिच्या काठावर उभा राहून मी हिशेब करत होतो, शिबिरमास्तराच्या सवयीने. हजारो माणसं, डिसेंबरची थंडी, पाणी, चर, कचरा, गर्दीत हरवलेली पोरं. हे काम करणारी पोरं आमच्या भागातली, सेवा दलाची. सार्वजनिक आरोग्य शिकून आलेला माणूस त्यांचा मास्तर. मुलांना मी प्रथमोपचार, शौचखड्डा, पाण्याची चूल शिकवत आलो आणि समजत आलो की ही विद्या ब्राउनसी बेटावरून आली. हुबळीच्या पोरांनी ती माझ्या पथकाच्या पाव शतक आधी हजारो माणसांसाठी वापरली होती.

त्याच बेळगावला बायकांची स्वयंसेवक तुकडीही होती. दीडशेच्या वर बायका, त्यात अनेक विधवा, सोवळ्यातून बाहेर काढून आणलेल्या. त्या आणल्या उमाबाई कुंदापूर यांनी. सेवा दलातल्या बायकांपैकी कमलादेवी चट्टोपाध्याय यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, उमाबाईंचं नसतं. उमाबाई हुबळीच्या. पंचविशीत वैधव्य आलं, सासऱ्यांनी पाठबळ दिलं, भगिनी मंडळ काढलं, टिळक कन्या शाळा चालवली. सेवा दलाची महिला शाखा हर्डीकरांनी त्यांच्याकडे सोपवली. १९३२ मध्ये त्यांना येरवड्यात ठेवलं, मागे सासरे वारले. सुटून आल्या तर छापखाना जप्त, शाळेला सील, भगिनी मंडळ बेकायदा. स्वातंत्र्यानंतर पदं चालून आली, मानपत्रं आली, पेन्शन आली. त्यांनी काहीच घेतलं नाही. हुबळीत एका लहान घरात राहिल्या आणि १९९२ साली, शंभरीच्या घरात, गेल्या.

१९९२ साली मी याच गावात होतो. पथक जोरात होतं. शनिवार-रविवार मुलांना घेऊन नृपतुंग बेट्टावर जायचो, उणकलच्या तळ्यावर तराफे करायचो. ज्या बाईंनी बेळगावच्या तुकडीत शिट्टी फुंकली, त्या आमच्याच गावात दारापाशी बसलेल्या असतील आणि मी एकदाही मुलांना घेऊन त्यांच्या पायरीपर्यंत गेलो नाही. या गोष्टीचं मला वाईट वाटतं ते कपाटातल्या फोटोपेक्षा जास्त. फोटो आता भिंतीवर लावता येतो.

माझी एक जुनी हरकत अजूनही मागे घेत नाही. १९३१ मध्ये सेवा दल काँग्रेसने आपल्यात घेतलं, पुढच्या वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली, आणि आज ते एका पक्षाचं अंग आहे. शाळेतलं पथक कोणत्याच पक्षाचं असू नये, हे मी आजही म्हणेन. पण ‘राजकारण नको’ या वाक्याआड मी जे लपवलं होतं ते राजकारण नव्हतं. माफीनामा न लिहिणारी पोरं मला माझ्या खोलीच्या भिंतीवर नको होती. ती दिसली असती तर कुणीतरी मला विचारलं असतं.

आपल्या स्काऊटचे नऊ नियम आहेत. सहावा शिस्तीचा. पहिला, स्काऊट विश्वसनीय असतो. बेडन-पॉवेल यांच्या मूळच्या नियमांत हुकूम बिनतक्रार पाळायचा एक नियम होता, आपल्या नवांत तो तसा नाही, शिस्त आहे. नऊच्या नऊ मी हजारदा म्हणवून घेतले असतील. तरी सव्वीस वर्षं मी सहावा पहिल्यासारखा शिकवला. त्या दुपारी माझ्यासमोर एक नववीतला मुलगा पहिला नियम पाळत उभा होता आणि मी सहाव्याच्या नावाने त्याचा स्कार्फ काढला.

त्याला शोधायला वेळ लागला नाही, हुबळी कितीही वाढली तरी ओळखीपाळखीनं माणूस मिळतोच. तो रेल्वे वर्कशॉपात फिटर आहे. केशवापूरला घर. धारवाडचे पेढे घेऊन जा असं हिने सुचवलं, पण पेढे आनंदाच्या बातमीला नेतात, म्हणून नेले नाहीत. या लेखाचा कच्चा मजकूर मात्र बरोबर घेतला होता. माझ्याने तोंडाने सगळं सांगवलं नसतं.

त्याने ओळखलं, वाकून नमस्कार केला, तो मला घेववेना. बायकोने गिरमिट केलं, चहा केला. मी म्हटलं, १९९७ च्या पंधरा ऑगस्टबद्दल बोलायला आलोय. तो गप्प झाला. मी म्हटलं, गाठ बरोबर होती. कप्पी गंजली होती. मला ते त्याच वर्षी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही.

“माहीत आहे सर,” तो म्हणाला. “तुम्ही शिडीवर चढून तेल घालत होतात. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मी खिडकीतून बघत होतो.”

म्हणजे त्याला माहीत होतं. पुढचं दीड वर्ष तो माझ्या गणिताच्या तासाला समोर बसत होता, गृहपाठ दाखवत होता, मी वर्गात आलो की उभा राहत होता, आणि त्याला माहीत होतं. मी त्याला विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, “तुम्ही बोलाल असं वाटलं. शनिवारी.”

पहिल्या तीन शनिवारी तो गुलमोहराखाली उभा होता तेव्हा मला कप्पीचं ठाऊक नव्हतं. पण मी शिडीवर चढलो त्यानंतरच्या शनिवारीही तो आला होता, तो म्हणाला. फाटकाबाहेर थांबला होता. मी पाहिलं नव्हतं.

मी कागद पुढे केले. त्याने चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं, हर्डीकरांचंही, उमाबाईंचंही. नागपूरच्या भागापाशी थांबून पान मागे उलटलं, पुन्हा वाचलं. मग खिशातलं पेन काढून एका ओळीखाली रेघ मारली. मी पहिल्या मजकुरात लिहिलं होतं, ‘कदाचित गाठीत दोष नसावा.’ त्याने ‘कदाचित’वर बोट ठेवलं.

“हे काढा सर,” तो म्हणाला. “गाठ बरोबर होती.”

ते काढलं आहे. वर्कशॉपचा भोंगा झाला, त्याची दुसरी पाळी होती. जाताना मी त्याचा स्कार्फ आणि तो अडकवायचं वॉगल टीपॉयवर ठेवले, हिरवा रंग विटून गेला होता. त्याने ते उचलले नाहीत, परतही दिले नाहीत. मी निघालो तेव्हा तिथेच होते. नोंदवहीतल्या त्या नोंदीखाली मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन लाल शाईने लिहिलं, कप्पी गंजली होती, गाठ बरोबर होती, चूक माझी, आणि खाली सही व तारीख घातली. मुख्याध्यापक शेजारी उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. हर्डीकरांचा फोटो लावायला खिळा हवा होता, तो आणायला शिपायाला पाठवलं.